मनात उपकार नसताना उपकारस्तुतीला कसा बसू?

इंदूरच्या एका वाचकांचं हाताने लिहिलेलं चार पानी पत्र आलं आहे. अक्षर थरथरतं आहे, पण एकही शब्द खोडलेला नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून मजकूर थोडक्यात देते.

हे गृहस्थ पुढच्या महिन्यात ७५ वर्षांचे होतील. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी पत्नी प्रभूघरी गेल्या. मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर राहतात. मुलगी पुण्याला असते. ४१ वर्षं त्यांनी आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, पेटी वाजवली. गेल्या वर्षभरात हातांना कंप सुटला. ईस्टरच्या उपासनेत दोन गीतांत बोटं चुकली. पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये पोहोचले तेव्हा पेटी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली होती आणि तरुण संघातला एक मुलगा कीबोर्ड घेऊन बसला होता. पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, "सर, आता तुम्ही आराम करा." त्याच सुमारास मुलाने स्कूटरची किल्लीही काढून घेतली.

आता मुलांनी वाढदिवसाला उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा ठरवली आहे. हॉल घेतला आहे, ऐंशी माणसांचं जेवण सांगितलं आहे. "बाबांनी दहा मिनिटं साक्ष द्यायची", म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सांगायचं, हेही ठरलं आहे. ते लिहितात: "उभा राहून काय बोलू? सगळे म्हणतात, देवाने एवढं आयुष्य दिलं, आभार माना, आजचा दिवस आनंदात घालवा. माझा आजचा दिवस म्हणजे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत खिडकीशी बसणं. हिने गीतांची एक वही केली होती, प्रत्येक गीतापुढे माझा सूर लिहून. ती कपाटात आहे, तीन वर्षांत उघडली नाही. नातीला मराठी गीतं कळत नाहीत. मनात उपकार नाहीत आणि तोंडाने म्हणायचे, हे खोटं नाही का? सभेला नाही म्हणू का? मी कृतघ्न झालोय का, की माझा विश्वास कमी पडला? रात्री एवढीच प्रार्थना होते: प्रभू, आता ने."

---

ख्रिस्तात प्रिय बंधू, सलाम.

मी तुमच्याहून सात वर्षांनी लहान आहे, म्हणून दादा म्हणते. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण पत्र घडी करून ठेवलं तरी ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"प्रभू, आता ने" ही प्रार्थना आपल्या मंडळीत म्हातारी माणसं पुष्कळदा करतात आणि आपण ती भक्ती समजून ऐकतो. पण ती दोन प्रकारची असते. एक, पोटभर जेवून पानावरून उठल्यासारखी. दुसरी, पानात काय वाढलंय ते बघायचीही इच्छा उरली नाही म्हणून. तुमची कुठली, हे मला इथून कळणार नाही, तुम्हाला कळेल. भूक गेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, किंवा आपणच काही करून टाकावं असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी मुलाला हाक मारा आणि सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, आणि पलीकडे ऐकून घेणारं माणूस असतं. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्याने विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची गोळी घेतल्याने तो कमी होतो का?

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून हेच म्हणाला होता: आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला वचन ऐकवलं नाही, धीर धर म्हणून सांगितलं नाही, "तुला काय कमी आहे" असंही विचारलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं आणि झोप, एवढंच दिलं. तो उठला, जेवला, पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच. बोलणं त्यानंतर, आणि तेही चाळीस दिवस चालून झाल्यावर. हा अध्याय (१ राजे १९) उपदेशाची घाई झालेल्या आम्हा सगळ्यांसाठी आहे, माझ्यासकट, म्हणून मीही आधी शरीराचंच बोलते.

हातांचा कंप कुणाला दाखवलात का? पत्रात "वयाचं असतं" एवढंच आहे. कंपाची कारणं अनेक असतात: थायरॉईड, दम्याची काही औषधं, नसांचे वेगवेगळे आजार. काही औषधाने बरेच आवरतात, काही आवरत नाहीत. पण कुठला आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. आधी नेहमीचे डॉक्टर, मग त्यांनी सांगितलं तर न्यूरोलॉजिस्ट. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पुढे दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर, अशी खर्चाची चिंता असेल तर ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार कार्डावर निघतं. ते काढून ठेवायला मुलाला सांगा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मनात उपकार नाहीत, मग मी कृतघ्न का?

दादा, या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती तुम्ही एकट्याने धरलेली नाही, आपल्या अख्ख्या मंडळीने धरलेली आहे. उपकारस्तुती म्हणजे जे जे घडलं त्या सगळ्याबद्दल आभार, अशी आपली समजूत. पत्नी गेली, आभार. हात गेले, आभार. पेटी गेली, आभार. आणि यातलं एखादं घशाखाली उतरेना की माणूस स्वतःला गुन्हेगार समजतो. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला जे लिहिलं ते पुन्हा काढून बघा: सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. "स्थितीत" म्हटलंय, "स्थितीबद्दल" म्हटलेलं नाही. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण त्यात माणूस तगतो किंवा बुडतो. पत्नीच्या मृत्यूबद्दल आभार माना असं देव तुम्हाला सांगत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीशी येशू स्वतः रडला, आणि तेव्हा त्याला लाजर पुन्हा उठणार हे ठाऊक होतं.

७१वं स्तोत्र म्हाताऱ्या माणसाचं आहे. त्यातली विनवणी सरळ आहे: वृद्धापकाळी मला टाकू नकोस, शक्ती सरत चालली असता मला सोडू नकोस. टाकलं जाण्याची भीती ज्याच्या मनात आहे तोच असं म्हणतो, आणि तेच स्तोत्र पुढे वीणेवर गाणं म्हणण्यापर्यंत जातं. भीती आणि गाणं एकाच कागदावर आहेत. भीती लिहिली म्हणून कुणी ते स्तोत्र पुस्तकातून काढून टाकलं नाही.

म्हणून तुमचं उत्तर: नाही, तुम्ही कृतघ्न नाही. तुम्ही दुःखी आहात, आणि थोडे रागावलेलेही आहात. दुसरं तुम्ही लिहिलेलं नाही, मी वाचलं.

त्या रागाचं बोलू. माझ्या मते तुमच्या पत्रात दोन दुःखं एकमेकांत गुंतली आहेत. हात थरथरू लागले, हे एक. त्यात कुणाचा दोष नाही. दुसरं, तुम्हाला न सांगता पेटी झाकली गेली. त्यात दोष आहे. कुणी वाईट हेतूने केलं नसेल, संकोचाने केलं असेल, तुम्हाला तोंडावर सांगायचं धैर्य झालं नसेल. तरी ४१ वर्षांच्या सेवेचा शेवट एका कापडाने व्हायला नको होता. पहिलं दुःख देवापुढे न्यायचं. दुसरं पाळकसाहेबांपुढे न्यायचं, आणि सभेच्या आधी. भांडायला नाही. "मला आधी सांगितलं असतं तर मी स्वतः उठलो असतो," एवढं वाक्य पुरे. ही दोन दुःखं वेगळी केली नाहीत तर पाळकांवरचा राग देवावर जातो आणि देवाशी करायची तक्रार सुनेवर निघते. माझ्या घरी मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

"मी स्वतः उठलो असतो" यावरून मला बर्जिल्लय आठवला. आपल्या व्यासपीठावरून याच्यावर कधी कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण म्हातारपणाबद्दल पवित्र शास्त्रात इतकं खरं बोललेला दुसरा माणूस मला माहीत नाही. दावीद राजा आपला बंडखोर मुलगा अबशालोम याच्यापासून जीव घेऊन पळत होता तेव्हा या गिलादी म्हाताऱ्याने यार्देनेपलीकडे त्याला अंथरुणं, भांडी, गहू, जव, मसूर, मध, दही असं सगळं पुरवलं. पुढे दावीद जिंकून परत निघाला. त्याने बर्जिल्लयाला म्हटलं, माझ्याबरोबर यरुशलेमेला चल, तिथे तुला सांभाळतो. म्हणजे काय, तर मुलाने म्हणावं, बाबा, आमच्याकडे मजेत राहा.

बर्जिल्लयाचं उत्तर २ शमुवेलच्या १९व्या अध्यायात आहे. तो म्हणतो, मी आज ८० वर्षांचा आहे. मला बऱ्यावाईटातला भेद कळतो का? खाल्ल्या-प्यायल्याची चव लागते का? गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो का?

गाणाऱ्यांचा आवाज, दादा! राजवाड्यातल्या सगळ्या सुखांतून त्याला गाणं आठवलं, आणि ते आता आपल्याला नाही हे त्याने राजासमोर, सैन्यासमोर म्हणून दाखवलं. कुणी त्याला "अहो, अजून कुठे म्हातारे झालात" म्हटलं नाही. कुणी आभार मानायला सांगितलं नाही. मग तो म्हणतो, मला माझ्या गावी परत जाऊ द्या, आईबापांच्या कबरीजवळ. पण हा किम्हाम आहे, माझ्याऐवजी याला बरोबर न्या. यार्देन ओलांडून थोडं अंतर तो राजाबरोबर गेला. राजाने त्याचं चुंबन घेतलं, आशीर्वाद दिला, आणि तो आपल्या ठिकाणी परतला.

तुमच्यात आणि त्याच्यात काय फरक आहे ते बघा. त्याच्याकडूनही पुष्कळ काही गेलं होतं. पण ते गेलं हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि पुढे कोण जाईल हेही त्यानेच सांगितलं. तुमचं वाक्य तुमच्या तोंडून काढून घेतलं गेलं. पेटीपेक्षा ते जास्त खुपतंय, असा माझा अंदाज आहे.

ते वाक्य अजून म्हणता येईल. त्यासाठी सभा कामाला येईल का, ते पुढे बघू.

त्याआधी "आजचा दिवस आनंदात घालवा" या सल्ल्याबद्दल. तो देणाऱ्यांचं मन चांगलं असतं. पण आजचं सोनं करा म्हणजे आजचा दिवस काही ना काही करून भरून काढा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मग उदाहरणं येतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरंच राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी उतारवयात पुरं केलं. खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हे उदाहरण खिडकीशी बसलेल्या माणसाच्या हातात काठीसारखं द्यायचं असतं, त्याच्या पाठीत घालायचं नसतं. ज्या दिवशी तुमच्या हातून काहीच झालं नाही, त्या दिवशीही तो दिवस देवाने तुम्हाला दिलेलाच असतो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" म्हणतो. मागणी फक्त आजची आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पाठवलेलं अन्न, तसाच मिळायचा, माणशी ओमर नावाचं एक माप, त्या दिवसापुरता. कुणी उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे आणि घाण सुटायची. तुम्ही दोन्हीकडून साठवताय असं मला वाटतं. एकीकडे ४१ वर्षांचा कालचा मान्ना, दुसरीकडे "पुढे अंथरुणाला खिळलो तर" हा उद्याचा. मध्ये आजचा कुणी उचलतच नाही. ऊन चढलं की तो वितळून जायचा, असं लिहिलंय.

पण याच अध्यायात (निर्गम १६) एक अपवाद आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. देवानेच सांगितलं की एका पात्रात ओमरभर मान्ना भरून ठेवा, पुढच्या पिढ्यांनी पाहावा म्हणून. तो सडला नाही. म्हणजे आठवण ठेवायला मनाई नाही. कोठार भरायला मनाई आहे. एक पात्र ठेवायचं, आणि ते पोरांना दाखवायला ठेवायचं.

तुमचं पात्र कपाटात आहे. वहिनींच्या अक्षरातली वही.

ती आजच उघडा असं मी म्हणणार नाही. उघडायची तेव्हा एकट्याने उघडू नका. नात कितवीत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिला हिंदी येतं म्हणजे देवनागरी वाचता येते. तिला शेजारी बसवा आणि आजीचं अक्षर वाचायला सांगा. "आबा, ये काळी दोन क्या होता है?" असं ती विचारील. मग सांगा. मराठी गीतं नातीला कळत नाहीत हे आपल्या इंदुरातल्या घरोघरचं दुःख आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत आणि चर्चमध्ये हिंदी. नारायण वामन टिळकांची भजनं आज आपल्या घरांत आजी-आजोबांच्या गळ्यात तेवढी उरली आहेत. पण अर्थ कळायच्या आधी चाल कळते. तुम्हालाही लहानपणी असंच झालं असेल.

दिवसातलं आजचं असं काय उचलायचं, तर त्याला मोठी साधना नको. माझी आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहायची. शेवटच्या काही वर्षांत हिशेब माझ्या वहिनीकडे गेला, पण आईची लिहायची सवय गेली नाही. ती गेल्यावर आम्ही ती कॅलेंडरं काढली. रोजच्या चौकोनात एक शब्द, फार तर दोन. "मटार." "ऊन." "पाठ." "धाकटीचा फोन." एका डिसेंबरात सलग चार दिवस "काही नाही." आणि पाचव्या दिवशी "गूळ." मी ते चार रिकामे दिवस कितीदा पाहिले असतील. तिने खोटं काही लिहिलं नव्हतं, म्हणून त्या गुळावर माझा विश्वास बसला.

तुमच्या खिडकीतून काय दिसतं? सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येत असेल, शाळेची रिक्षा, समोरच्या ओटल्यावर कुणी भाजी निवडत असेल, नाक्यावरच्या पोह्यांच्या ठेल्यावरून जीरावन मसाल्याचा वास येत असेल. चौकोन लहान असतो, थरथरत्या हाताने एक शब्द होतो. ज्या दिवशी "काही नाही" असेल त्या दिवशी तेच लिहा.

स्कूटरबद्दल थोडक्यात सांगते. मुलाने किल्ली घेतली हे बरोबर केलं. थरथरत्या हातांनी आपल्या शहरातल्या रहदारीत गाडी नेणं हा दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे. पण किल्लीबरोबर तुमचं जाणं-येणं गेलं, त्याची भरपाई त्याने केलेली दिसत नाही. ती मागा. आठवड्यातले दोन दिवस ठरलेली रिक्षा, ठरलेला रिक्षावाला, पैसे तुमच्या पेन्शनमधून. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि "कशाला जाता" असं कुणी विचारायचं नाही.

आता सभा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. सरळ नाही म्हणणं. तो तुमचा हक्क आहे, आणि मन खरंच तयार नसेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. दुसरी, मुलांनी ठरवलंय तसं सगळं होऊ देणं आणि दहा मिनिटं पाठ केलेलं बोलणं. ही मला मुळीच पसंत नाही. तुम्ही खोटं बोलू शकणारे नाही, आणि त्या रात्री तुम्हाला झोप येणार नाही. तिसरी, सभा होऊ द्यायची, पण तुमच्या मापाची. हॉल रद्द करून घरी, ऐंशीऐवजी पंचवीस माणसं. जेवणाचा आगाऊ पैसा गेला तर जाऊ द्या. माझं मत तिसरीकडे आहे, आणि त्याचं कारण मुलं आहेत.

दादा, ही सभा उपकार तुमच्या मनात आहेत की नाहीत हे तपासायला नाही. तुमच्या मुलांनी तीन वर्षांपूर्वी आई गमावली. बाप अजून खिडकीशी बसलेला दिसतो, याबद्दल त्यांना देवाचे आभार मानायचे आहेत. ते उपकार त्यांचे आहेत. तुम्ही ते तयार करायचे नाहीत, फक्त त्यांच्यामध्ये बसायचं आहे. अमालेकाशी लढाई चालली होती, मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकत होतं; तेव्हा ते हात जड झाले, खाली यायला लागले. अहरोन आणि हूर यांनी एक धोंडा आणून त्याला त्यावर बसवलं, आणि एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. हात मोशेचेच होते, पण जोर त्या दोघांचा होता. "हात वर धर, विश्वास ठेव" असं त्याला खालून ओरडून कुणी सांगितलं नाही. तुमचे हात थरथरतात हे कुणापासूनही लपवायची काही गरज नाही. खुर्चीवर बसूनच बोला.

आणि बोलायचं काय, तर बर्जिल्लयासारखं. दहा नव्हे, तीन मिनिटं. आधी काय गेलं ते सांगा: ती गेली, हात गेले, पेटी गेली. वहिनींचं नाव घ्या, ते सभेत ऐकू येऊ द्या. मग एक गोष्ट सांगा जी अजून आहे आणि खरी आहे, कितीही लहान असो, कॅलेंडरात सापडेल. काही सापडलं नाही तर "आज मला एवढंच म्हणता येतं" असं म्हणून थांबा, ७१व्या स्तोत्रातली विनवणी मुलीला वाचायला सांगा. तीही साक्षच आहे. मी तर म्हणेन, तिथे बसलेल्या इतर म्हाताऱ्यांना ती जन्मभर ऐकलेल्या साक्षींपेक्षा जवळची वाटेल.

आणि तो कीबोर्डवाला मुलगा. त्याच्यावर तुमचा राग आहे का, पत्रावरून कळलं नाही. असला तरी चालेल, राग एका सभेपुरता बाजूला ठेवता येतो. त्याला आधी दोन-तीन संध्याकाळ घरी बोलवा. तो गीतांची चाल मोबाईलवर ऐकून बसवत असणार, आणि मोबाईलवर सगळ्या चाली नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या कडव्यानंतर भाता थोडा थांबवायचा, कुठे मंडळी मागे पडते म्हणून वाट बघायची, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. वहिनींच्या वहीतलं एक गीत त्याच्याकडून बसवून घ्या. सभेत तो वाजवील तेव्हा सगळ्यांना सांगा, हा वाजवतोय, याला मी शिकवलंय. तुमचं राहून गेलेलं वाक्य तिथे म्हणून होईल. तो कीबोर्ड घेऊन आला तर घेऊ द्या, पण मी असते तर चर्चमधली पेटी आणवली असती.

दोन शब्द इतर वाचकांसाठी, कारण अशी पत्रं मला वर्षाकाठी बरीच येतात. मुलामुलींनो, आईवडिलांची सभा ठरवण्याआधी त्यांना विचारा. आश्चर्याचा धक्का विशीतल्या माणसाला आवडतो. पाळक आणि पंचांनो, कुणाची सेवा थांबवायची वेळ आली तर आधी त्यांच्या घरी जाऊन बोला, आणि त्याच रविवारी मंडळीसमोर नाव घेऊन त्यांचे आभार माना, शाल पाच वर्षांनी नको. आणि माझ्या वयाच्या सगळ्यांनो, मृत्युपत्र केलं नसेल तर हात चालताहेत तोवर करा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. तेही आजचंच काम आहे.

दादा, शेवटी पौलाचं सांगते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो, माझ्या प्रयाणाची वेळ आली आहे, मी धाव संपवली आहे. मरणाची एवढी तयारी झालेला माणूस थोड्याच ओळींनंतर लिहितो, त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. आणि हिवाळ्यापूर्वी यायचा प्रयत्न कर. किती थंडी वाजत असेल त्याला त्या तुरुंगात! प्रभूकडे जायला निघालेल्या माणसाने मधल्या हिवाळ्यासाठी झगा मागितला, वाचायला पुस्तकं मागितली, आणि एका तरुण माणसाची सोबत मागितली. नुसतं "प्रभू, आता ने" म्हणून तो थांबला नाही.

तुमची मागणी काय आहे? झगा कुठे राहिलाय? या आठवड्यात मुलाकडे एक गोष्ट मागून बघा, काहीही. डॉक्टरांची वेळ, रिक्षा, नवीन चष्मा, कपाटाची किल्ली. आणि पेटी कोण वाजवणार हे ठरलं की मला एक कार्ड टाका. सभा घरी असली तर मला पंचविसांत धरा. मी पुढे बसणार नाही, पण गीतं मराठीत म्हणीन.

तुमची धाकटी बहीण